खेळ आपला, किल्ली परक्याची



विटीदांडू बंद पडला, असे तुम्ही कधी ऐकले आहे काय? विटी हरवते, दांडू मोडतो, खेळायच्या जागेवर कोणी घर बांधतो. पण खुद्द विटीदांडूला कुलूप घालणे कोणाच्या हातात नाही. बाभळीची एक फांदी मिळाली आणि दोन पोरे जमली, की खेळ पुन्हा सुरू. लगोरीचे तेच, आट्यापाट्यांचे तेच, सागरगोट्यांचे तेच. या खेळांना मालक नाही. म्हणून त्यांना बंद करणाराही कोणी नाही.

आता आपल्या मुलांच्या हातात मोबाइल आला आहे आणि त्याच्यातले खेळही आले आहेत. हे खेळ चांगले की वाईट, मुलांनी ते किती वेळ खेळावेत, यावर पुष्कळ बोलले जाते. आज मी त्याविषयी बोलणार नाही. मी बोलणार आहे या खेळांच्या मरणाविषयी आणि मेलेला खेळ पुन्हा उठवून बसवणाऱ्या लोकांविषयी. विषय वरवर पोरखेळाचा वाटेल. पण त्याच्या पोटात मोठ्या माणसांचा एक प्रश्न आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली झाली, असे केव्हा म्हणायचे?

आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिलेले एक उदाहरण घेऊ. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने 'पबजी मोबाइल' या खेळावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातल्या खेळणाऱ्यांची सेवा थांबवली. त्या दिवशी कोणी घरोघर जाऊन फोनमधला खेळ पुसून टाकला नव्हता. फोन तोच, पडद्यावरचे चित्र तेच. पण कितीही दाबले तरी खेळ काही सुरू होईना. बंदी योग्य होती की नव्हती, हा निराळा विषय. आपल्याला पाहायचे ते एवढेच, की खेळ हातात असून चालेनासा झाला कसा?

त्याचं असं आहे. असल्या खेळाचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या फोनमध्ये : चित्रे, आवाज, रंगीत बटणे. दुसरा भाग कंपनीच्या संगणकावर. हा संगणक कुठे तरी दूर, कदाचित परदेशात, रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. फोन आणि सर्व्हर यांच्यात सारखी पत्रापत्री चाललेली असते. फक्त ही पत्रे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत जातात आणि येतात.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ तुमच्या मुलांना ठाऊक असेल. फिनलंडमधल्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ मध्ये आणला. त्यात आपले गाव वसवायचे असते. सोन्याची खाण खणायची, तटबंदी उभारायची, दुसऱ्याच्या गावावर स्वारी करायची. मुलाने भिंतीचे बटण दाबले, की फोन सर्व्हरला कळवतो, "या खेळाडूला भिंत बांधायची आहे." सर्व्हर आपली वही उघडतो, खात्यात तेवढे सोने आहे का ते पाहतो, सोने वजा करतो आणि उलट टपाली कळवतो, "बांधा." मग कुठे पडद्यावरची भिंत पक्की होते.

पोस्टातल्या बचत खात्यासारखाच हा प्रकार. पासबुक आपल्या ट्रंकेत असते. पण खरा हिशेब पोस्टाच्या खातेवहीत. मात्र एक फरक आहे, आणि तो लहान नाही. पोस्ट आपली रक्कम परत द्यायला बांधलेले आहे. खेळाची कंपनी तशी बांधलेली नसते. तिने एके दिवशी दार लावून घेतले, की फोनची पत्रे जातात. उत्तर येत नाही.

हे दार दोन रीतींनी लागते. पहिली रीत म्हणजे खेळ साफ बंद होणे. 'फार्मव्हिल' नावाचा एक शेतीचा खेळ होता. जून २००९ मध्ये तो निघाला आणि फेसबुकवर खेळला जाई. नांगरायचे, पेरायचे, वेळेवर कापणी केली नाही तर पीक वाळून जायचे. ऐन भरात महिन्याला आठ कोटींवर माणसे ही पडद्यावरची शेती करीत होती. तो ज्या फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालत असे, त्या तंत्राचीच मुदत भरली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ही सारी शेती संपली. 'द सिम्पसन्स : टॅप्ड आउट' हा फोनवरचा नगर वसवण्याचा खेळ २०१२ पासून चालला होता. खेळणाऱ्यांनी बारा वर्षे त्यात घरे बांधली, दुकाने उभारली, काहींनी खरे पैसे खर्चून शोभेच्या वस्तू आणल्या. २४ जानेवारी २०२५ ला कंपनीने सर्व्हर बंद केला आणि तिच्याकडे मांडलेली ती नगरे उठली.

दुसरी रीत जरा चोरपावलांची आहे. खेळ चालू राहतो, पण बदलत जातो. कंपनी नवी आवृत्ती पाठवते. नियम फिरतात, नवी हत्यारे येतात, खरेदीची दुकाने वाढतात. तुम्ही म्हणाल, "मला जुनाच बरा." पण जुनी आवृत्ती उघडली तर सर्व्हर तिच्याशी बोलतच नाही, आधी नवी घ्या म्हणतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून आपल्या कपाटातली पहिली कोरी होत नाही. इथे मात्र तसेच होते.

अशा वेळी काही हौशी मंडळी पुढे येतात. ती म्हणतात, कंपनीचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर आम्हीच उत्तर देऊ. याला प्रायव्हेट सर्व्हर म्हणतात. आपण खाजगी सर्व्हर म्हणू.

हे काम कसे करतात ते ऐकण्यासारखे आहे. खेळ जिवंत असतानाच ही मंडळी फोन आणि सर्व्हर यांच्यातली पत्रे टिपून ठेवतात. कोणत्या पत्राला कोणते उत्तर येते, याचा अभ्यास करतात. फोनमधला भागही उकलून पाहतात. मग तशीच उत्तरे देणारा कार्यक्रम स्वतः लिहून आपल्या संगणकावर बसवतात. शेवटी, जुन्या आवृत्तीत कंपनीच्या सर्व्हरचा जो पत्ता असतो, तो काढून आपला घालतात. फोनला वाटते, धनी परत आला.

पण यात अडचण आहे. जुन्या नाटक मंडळ्यांत प्रत्येक नटाला सगळे नाटक लिहून मिळत नसे. त्याच्या वाट्याची भाषणे तेवढी उतरवून देत. तिला त्याची नक्कल म्हणत. आता समजा, नाटकाची मूळ वही जळाली आणि एका नटाची नक्कल तेवढी उरली. तिच्यावरून बाकीच्या पात्रांची भाषणे पुन्हा रचायची. खाजगी सर्व्हर लिहिणाऱ्याचे काम हे असे आहे. फोनमधली नक्कल त्याच्या हातात असते. सर्व्हरच्या पोटात काय चालले होते ते कधीच दिसलेले नसते. बक्षिसाची पेटी उघडली असता मौल्यवान वस्तू किती वेळा निघायची? कोणाला कोणाशी लढायला लावायचे? हे नियम सर्व्हरपाशीच राहिले. मग खेळणाऱ्यांनी उत्साहाने टिपलेले आकडे, घेतलेली छायाचित्रे, काढलेल्या चित्रफिती यांच्यावरून अंदाज बांधायचा. जमेल तितके जमते, बाकीचे भरून काढावे लागते.

तरीही ही माणसे काम तडीस नेतात. निन्टेन्डो आणि सायगेम्स या जपानी कंपन्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये 'ड्रॅगालिया लॉस्ट' हा फोनवरचा खेळ आणला आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी बंद केला. चाहत्यांनी त्याच्यासाठी स्वतः सर्व्हर लिहिला आणि मिटलेला खेळ पुन्हा फोनवर हलू-बोलू लागला. सुपरसेलच्या खेळांच्या जुन्या आवृत्त्यांसाठीही अनेकांनी असे सर्व्हर लिहिले आहेत.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशासाठी? पोरासोरांचा खेळ तो, गेला तर गेला. असे म्हणण्याआधी एक गोष्ट आठवावी. हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळी सिनेमाही कित्येकांना पोरकट करमणूकच वाटे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. खेळांचेही तेच चालले आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या व्हिडिओ खेळांपैकी शंभरातले ८७ आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी करून सांगितले. एका पिढीचे बालपण ज्या खेळांत गेले, ते खेळ पुढच्या पिढीला दाखवायलाही उरणार नाहीत. म्हणून या हौशी मंडळींचे मोल आहे.

मोल आहे, म्हणून सगळेच चोख आहे असे मात्र समजू नका. खेळाची चित्रे, संगीत, नावे यांवर कंपनीचा हक्क असतो. आपल्याकडेही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मालकाच्या परवानगीवाचून त्याचा खेळ चालवणे हे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे काम आहे. सुपरसेलने तर आपल्या नियमांत खाजगी सर्व्हर सरळ निषिद्ध मानले आहेत.

शिवाय खाजगी सर्व्हर म्हणून जे चालतात, त्या सगळ्यांचा हेतू जतनाचा नसतो. "आमच्याकडे या, सोने फुकट, रत्ने फुकट," अशी हाक देणारेही पुष्कळ आहेत. काही जण वर्गणीच्या नावाने पैसे गोळा करतात. आणि मुलांच्या दृष्टीने खरा धोका निराळाच आहे. 'क्लब पेंग्विन' हा लहान मुलांचा खेळ डिस्ने कंपनीने मार्च २०१७ मध्ये बंद केला. चाहत्यांनी त्याच्या प्रतिकृती काढल्या. त्यांतल्या 'क्लब पेंग्विन रीरिटन' या प्रतिकृतीतून २०१८ मध्ये सुमारे सतरा लाख आणि २०१९ मध्ये सुमारे चाळीस लाख खात्यांची माहिती चोरीस गेली. एप्रिल २०२२ मध्ये सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ती बंद केली आणि तिघांना अटक झाली. २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रतिकृतीत मुलांसमोर अश्लील मजकूर येत असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले होते. मूळ खेळावर देखरेख ठेवायला पगारी माणसे होती; प्रतिकृतीच्या दाराशी कोण बसला आहे, हे आईबापांना कळायला मार्ग नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. सर्व्हर चालवायला वीज लागते, माणसे लागतात, पैसा लागतो. खेळणारे थोडे उरले की हिशेब जमत नाही. दुसऱ्याकडून मुदतीने घेतलेली गाणी आणि नावे मुदत संपल्यावर वापरता येत नाहीत. हे सगळे मान्य. पण कधीकधी कारण वेगळे असते. 'अँग्री बर्ड्स' हा पक्ष्यांचा खेळ डिसेंबर २००९ मध्ये निघाला. त्याच्या जुन्या आवृत्त्या कंपनीने २०१९ मध्ये दुकानातून काढल्या. लोकांनी मागणी केली म्हणून मार्च २०२२ मध्ये मूळ खेळ एकदाच थोडी किंमत घेऊन पुन्हा विक्रीला ठेवला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अँड्रॉइडवरून तो पुन्हा उचलला. का? तर त्याचा परिणाम आपल्या इतर खेळांवर होतो, असे कंपनीनेच सांगितले. जुना माल इतका चांगला निघाला, की नव्याला गिऱ्हाईक कमी पडू लागले!

मग यातून तड लागते की नाही? लागते, आणि ती दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवला म्हणजे लागते. इंग्लंडमधल्या जॅजेक्स कंपनीचा 'रूनस्केप' हा खेळ बदलत गेला आणि जुने खेळणारे नाराज झाले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक प्रत सांभाळून ठेवलेली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने खेळणाऱ्यांचा कौल घेतला. चार लाखांहून अधिक मते पडली आणि जुना खेळ नव्याने उघडला. ऑक्टोबर २०१८ पासून तो फोनवरही आला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अमेरिकन खेळाची जुनी आवृत्ती 'नॉस्टॅलरियस' नावाच्या खाजगी सर्व्हरवर चालत असे. एप्रिल २०१६ मध्ये कायद्याची नोटीस आली आणि तो बंद पडला. पण त्यासाठी एवढी माणसे हळहळली, की पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच जुनी आवृत्ती चालू केली. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने २०१२ मध्ये बंद केला होता. चाहत्यांचा 'होमकमिंग' हा सर्व्हर २०१९ पासून चालत होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने त्याला रीतसर परवाना दिला. काल जो चोर ठरला असता, तो आज राखणदार झाला.

आणखी एक वाट निन्टेन्डोने दाखवली. तिचा 'ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प' हा फोनवरचा खेळ नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा सर्व्हर बंद झाला. पण जाताजाता कंपनीने सर्व्हरशिवाय, फोनमधल्या फोनमध्ये चालणारी आवृत्ती विकत दिली आणि जुन्या खेळणाऱ्यांना आपला सरंजाम तिच्यात नेण्याची सोय केली. भाड्याचे घर सोडताना सामान बाहेर काढू देण्याइतकेच हे साधे आहे. पण असे करणारे थोडे.

म्हणून आता लोक कायद्याकडे वळले आहेत. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. लोकांनी तो पैसे देऊन घेतला होता. एकट्याने खेळायचा म्हटले तरी सर्व्हरवाचून तो चालेना. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली. मागणी अशी, की बंद करणाऱ्या कंपनीने खेळ चालवता येईल अशा स्थितीत सोडून जावे. युरोपीय संघापुढे असा अर्ज नेण्यासाठी दहा लाख सह्या लागतात. ३१ जुलै २०२५ च्या मुदतीत त्या ओलांडल्या गेल्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला आहे, की ग्राहकाला फक्त वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगावे. आपल्या देशात छापील पुस्तकासाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची.  प्रकाशक बुडाला तरी पुस्तक बुडत नाही. खेळांसाठी असे कपाट अजून नाही. ते असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात आणि शाळेत काय करता येईल?

पहिली गोष्ट. मुलाने खेळात पैसे घालण्यासाठी हट्ट धरला, तर फोनचे इंटरनेट बंद करून तो खेळ उघडून पाहा. चालला, तर निदान तो फोनमध्ये आहे. चालला नाही, तर समजा की तुम्ही वस्तू घेत नसून भाडे भरत आहात. भाडे भरायला हरकत नाही. पण ते भाडे आहे हे मुलाला कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट. मुलगा जुना खेळ खाजगी सर्व्हरवर खेळू लागला, तर एकदम रागावू नका. त्याला विचारा : हा सर्व्हर कोण चालवतो? पैसे मागतो का? खेळाची फाइल कुठून आणलीस? बँकेचा व्यवहार ज्या फोनवर होतो, त्या फोनवर अनोळखी जागेहून आणलेली फाइल चढवू नये. आणि घरच्या ईमेलचा पासवर्ड तिथे कदापि देऊ नये.

तिसरी गोष्ट खास गुरुजनांसाठी. बंद पडलेला खेळ पुन्हा उभा करताना शेवटी उपयोगी पडतात त्या खेळणाऱ्यांनी केलेल्या नोंदी, हे आपण पाहिले. तेव्हा निबंधाच्या तासाला कधी तरी मुलांना सांगा, "तू खेळतोस त्या खेळाचे नियम लिही. काय केले की काय होते, किती वेळा होते, ते मोजून मांड." खेळ मोबाइलवरचा असो वा अंगणातला. मुलांना नीट पाहण्याची आणि नेमके लिहिण्याची सवय लागेल. आणि आपल्या गावात आट्यापाट्यांच्या पाट्या किती, बाद कोण केव्हा होतो, हे तरी आज कोणाच्या वहीत लिहिलेले आहे? जाणती माणसे आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. त्या खेळाला कुलूप कोणी लावणार नाही; पण सांगणारा गेला, तर तोही विसरला जाईल.